वस्त्रगाळ धूळ : परभणीतल्या एका घरासाठी व्हॅक्यूम क्लीनर निवडताना

माझं परभणीत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी, मिक्सर, कूलरचे पंखे ही रोजची कामं. गेल्या काही वर्षांत त्यांत व्हॅक्यूम क्लीनरचीही भर पडली. ते माझ्या टेबलावर येतात तेव्हा बहुतेक जळालेलेच असतात, म्हणून चांगला कोणता यापेक्षा कोणता कशाने मेला हे मला जास्त ठाऊक आहे. कोरड्या कामाच्या मशीनने ओला केर ओढला आणि पाणी थेट आर्मेचरमध्ये, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागात, गेलं. फिल्टर वर्षभर झटकलाच नाही, हवा कोंडली आणि वायंडिंग काळं पडलं. नळी चिरली, सुटी नळी कुठे मिळेना, म्हणून चांगली मोटार असलेली मशीन माळ्यावर गेली. या तीन तऱ्हा मी पुन्हा पुन्हा पाहिल्या.

मागच्या सप्टेंबरात, महालक्ष्म्या उठल्यावर, ताईचा फोन आला. "दहा हजारांपर्यंत एक चांगला व्हॅक्यूम क्लीनर सांग. पोराला रात्री लई खोकला व्हायलाय." एवढं ऐकून मॉडेलचं नाव सांगता आलं असतं. तसं केलं नाही, त्याचं कारण पुढे येईल. त्या घरात आम्ही काय मोजलं, काय नाकारलं, काय घेतलं आणि मे महिन्यापर्यंत काय झालं, ते सगळं इथे मांडतो.

घर आणि माणसं

ताईचं घर वसमत रोडच्या बाजूला एका गल्लीत आहे. पुढच्या तीन खोल्या जुन्या, खाली शहाबादी फरशी. मागच्या दोन खोल्या आणि वरची एक नव्या, त्यांना गुळगुळीत टाइल. जुन्या आणि नव्या भागाच्या मधे सागवानी उंबरा, चार बोटं उंच. देवघराला वेगळा उंबरा. गालिचा कुठेच नाही. कापसाच्या सहा गाद्या, एक दिवाण, एक कापडी सोफा, दोन सतरंज्या. मागच्या खोलीत शेतातून आलेली तुरीची आणि ज्वारीची पोती. गल्लीचा रस्ता खडीचा, आणि त्याच्या पलीकडे मोकळा प्लॉट, काळ्या मातीचा.

घरात ताई, दाजी, ताईच्या सासूबाई ज्यांना मी काकू म्हणतो, आणि दोन मुलं. धाकटा भाचा तिसरीत आहे. त्याला दमा असल्याचं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं, इनहेलर चालू आहे. सकाळी केर काढायला एक मावशी येतात. तुम्ही सांगाल त्या घरात मशीन घ्यायचं ठरतं तेव्हा या मावशींचा विषय निघतच नाही. इथेही आधी निघाला नव्हता.

काकूंचा विरोध पहिल्याच दिवशी स्पष्ट होता. "केरसुणी म्हंजी लक्ष्मी हाय. तिला कोपऱ्यात बसवून हे हत्तीचं तोंड कामून आणायलाव?" त्यांच्या बोलण्यात श्रद्धा होती आणि पैशांची काळजीही. दोन्हींना उत्तर देणं माझं काम होतं.

सात पुड्या

मी ताईला सांगितलं, सात दिवस थांब. रोजचा केर टाकू नकोस. कागदात बांध, वर तारीख आणि खोली लिही, माझ्याकडे पाठव. ताई म्हणाली, "तुला येड लागलं का?" पण पुड्या आल्या.

स्वयंपाकघरातल्या छोट्या इलेक्ट्रिक काट्यावर त्या तोलल्या, मग उघडून पाहिल्या. मागच्या टाइलच्या खोल्यांतला केर फुगीर आणि हलका. कापसाचे धागे, केस, तुरीचा भुसा, वहीचे तुकडे. पुढच्या शहाबादीच्या खोल्यांतली पुडी लहान पण जड. त्यात जवळपास सगळी काळी माती, थोडी रांगोळी आणि वाळूचे कण. ती मी दोन वेळा जुन्या मलमलीच्या धोतराच्या तुकड्यातून गाळली. निम्म्याहून जास्त माती कापडातून आरपार खाली पडली.

आपल्याकडे चूर्ण करताना वस्त्रगाळ म्हणतात ना, अगदी तशी. सगळ्या प्रकरणाची किल्ली मला याच पुडीत सापडली. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झिजून झालेली. तिच्यात चिकणमातीचा वाटा मोठा असतो, आणि मातीशास्त्रात २ मायक्रॉनपेक्षा लहान कणांनाच चिकणकण म्हणतात. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उन्हाळ्यात ही माती भेगाळते, वरचा थर चाकाखाली दळला जातो आणि वाऱ्याबरोबर घरात येतो. आता स्वस्तातल्या बऱ्याच मशिनींत केर अडवायला काय असतं? एक कापडी पिशवी. जी धूळ व्याख्येनेच कापडातून गळते, ती कापडी पिशवीत कशी राहणार? पुढच्या तोंडाने ओढायची आणि मागच्या तोंडाने, बारीक तेवढी, पोराच्या नाकाच्या उंचीवर सोडायची.

म्हणून मी फोनवर मॉडेल सांगितलं नाही. पुण्यात दहाव्या मजल्यावर गालिचा असलेल्या घरात जी मशीन चांगली, ती वसमत रोडच्या गल्लीत चांगली असेलच असं नाही. घरात धूळ कोणती आहे ते आधी पाहायचं, मशीन नंतर.

गादी आणि रुमाल

पुड्या चालू असतानाच एक विक्रेता घरी येऊन प्रात्यक्षिक देऊन गेला. त्याच्या मशीनची किंमत चोवीस हजार, जुनी वस्तू दिली तर एकवीस. त्याने नळीच्या सांध्यात काळं कापड लावलं, भाच्याच्या गादीवर मिनिटभर मशीन फिरवली आणि कापड उघडून दाखवलं. त्यावर राखेसारखी पांढुरकी भुकटी. सोबत धुळीतल्या किड्याचा मोठा करून छापलेला फोटो. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री तिने मला विचारलं, "एवढी घाण माझं पोरगं रोज हुंगतंय का?" त्या क्षणी ती एकवीस हजार द्यायला तयार होती, आणि आई म्हणून मी तिला दोष देणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातली माझी जुनी, हजार वॅटची मशीन घेऊन गेलो. नळीत रुमाल लावला आणि त्याच गादीवर फिरवली. रुमालावर तशीच भुकटी. त्याच जागी पुन्हा फिरवली, पुन्हा आली. तिसऱ्यांदाही आली. कापसाची वापरलेली गादी कितीही वेळा ओढली तरी थोडी कापूसधूळ आणि त्वचेचे कोंड्यासारखे कण देतच राहते. भुकटी निघते याचा अर्थ मशीन ओढते एवढाच होतो. ती चोवीस हजारांची असावी लागते असं त्यातून सिद्ध होत नाही.

फोटोतले किडे खोटे नाहीत. धुळीतले माइट्स मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे असतात, आपल्या त्वचेच्या गळलेल्या कणांवर जगतात आणि त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी ॲलर्जी होते. पण जिवंत माइट कापडाच्या धाग्यांना धरून राहतो, नुसत्या ओढीने तो सगळा निघत नाही. मशीनने निघते ती वरची धूळ. चादरी आणि उशांचे अभ्रे ६० अंशांच्या आसपासच्या पाण्यात धुतले तर माइट मरतात. कोरडी हवाही त्यांना मानवत नाही. आपल्याकडचा एप्रिल-मे त्यांच्यासाठी वाईट, जुलै ते ऑक्टोबर चांगला. म्हणून काकू दर आठवड्याला गोधड्या गच्चीवर उन्हात टाकतात ते मी चालूच ठेवायला सांगितलं. ते ऐकून काकू पहिल्यांदा माझ्या बाजूला सरकून बसल्या.

भाच्याच्या डॉक्टरांनाही विचारलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. औषध बंद करायचं नाही. मूल खोलीत असताना कोरडा झाडू मारायचा नाही. अंथरूण धुवायचं. मशीन घ्यायची तर तिने धूळ परत हवेत सोडता कामा नये. आमची अटही हीच होती, फक्त आता ती डॉक्टरांच्या तोंडून आली म्हणून घरात मान्य झाली.

लेव्हलच्या नळीचं माप

स्टेशन रोडच्या दुकानांत आणि मोबाइलवर दाजींनी चार प्रकार निवडून ठेवले होते. दोन हजार वॅटची कॅनिस्टर, चाकांवर ओढायची, बिनपिशवीची, साडेआठ हजार. हजार वॅटची छोटी कॅनिस्टर, कापडी पिशवीची, साडेचार हजार. बॅटरीवरची उभी दांडीची, तेरा हजार. आणि जमिनीवर स्वतः फिरणारा रोबो, अठरा हजार, जो भाच्याला हवा होता.

रोबो आधी बाजूला काढला, कारण उंबरा. असले रोबो साधारण दोन सेंटीमीटरचा अडथळा चढतात, आणि आपला उंबरा चार बोटं. शिवाय जमिनीवर सतरंजी, कधी वाळत घातलेले सांडगे, कधी निवडायला पसरलेली तूर. भाच्याला मी उंबऱ्यापाशी नेऊन पट्टीने मोजायला लावलं. त्याने स्वतः मोजलं, मग हट्ट सोडला.

दाजींचा कल दोन हजार वॅटकडे होता. दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट ओढ, असं बहुतेकांना वाटतं. वॅट म्हणजे मशीन किती वीज खाते. त्यातली किती ओढीत उतरते हे पंख्याच्या घडणीवर, सांध्यांच्या घट्टपणावर आणि तोंडाच्या आकारावर ठरतं. युरोपीय संघाने २०१४ मध्ये घरगुती व्हॅक्यूम क्लीनरना १६०० वॅटची मर्यादा घातली आणि २०१७ मध्ये ती ९०० वर आणली. तिथली घरं त्यानंतर घाणेरडी झाली नाहीत. कंपन्यांनी पंखे आणि तोंडं सुधारली.

पण दाजी शिक्षक आहेत, त्यांना दाखवल्याशिवाय पटत नाही. म्हणून गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी आणली. एक टोक बादलीतल्या पाण्यात, दुसरं जिन्याने वर नेऊन मशीनच्या नळीला ओल्या चिंधीने घट्ट बांधलेलं. मशीन चालू केली की पाणी नळीत चढतं. ते १ मीटर चढलं तर ओढ साधारण १० किलोपास्कल. नळी जिन्याच्या बरीच वर ठेवायची, नाहीतर पाणी मशीनमध्ये शिरेल. आणि हे चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त करायचं नाही, कारण हवा कोंडली की बऱ्याच मोटारींचं थंड होणंच थांबतं. ओळखीच्या दुकानदाराने त्याच्या गोदामात दोन मशिनी लावून दिल्या. हजार वॅटच्या छोटीने पाणी १.६ मीटर चढवलं. दोन हजारवालीने १.८. वॅट दुप्पट, पाणी वीतभर जास्त.

नुसती ओढ पुरेशी नसते हेही खरं. तोंड पूर्ण बंद असताना नळीतून हवा वाहतच नाही, आणि केर उचलते ती वाहणारी हवा. म्हणून दुसरं माप रांगोळीचं. शहाबादीच्या दोन फरश्यांमधल्या फटीत चमचाभर रांगोळी भरायची आणि एका फेरीत किती उरते ते बघायचं. रुंद तोंडाने दोघींनीही निम्मी सोडली. चपट्या तोंडाने दोघींनीही फट साफ केली. म्हणजे या घरासाठी चपटं तोंड नीट बसतं का, हा प्रश्न वॅटपेक्षा मोठा निघाला.

मग विजेचा मुद्दा आला आणि दोन हजारवाली तिथेच संपली. २३० व्होल्टला २००० वॅट म्हणजे जवळपास ८.७ अँपिअर. ताईच्या पुढच्या खोल्यांत सगळे सॉकेट ६ अँपिअरचे. १६ अँपिअरचे दोनच, एक गीझरला आणि एक स्वयंपाकघरात. हजार वॅटला सव्वाचार-साडेचार अँपिअर लागतात, ती कुठेही चालते. त्यात गल्लीत संध्याकाळी व्होल्टेज १९० च्या खाली येतं. मी त्याच वेळी माझी जुनी मशीन ताईकडे लावून पाहिली, पाण्याचा खांब सकाळपेक्षा वीतभर खाली राहिला. मशीन वापरायची तर सकाळी, हे त्यावरून ठरलं. इन्व्हर्टरवर चालवायचा विचार कुणी करू नये. घरगुती ९०० व्हीएचा इन्व्हर्टर हजार वॅट ओढायला बसवलेला नसतो.

बॅटरीवरची दांडी मला मनापासून आवडते. हलकी, वायर नाही, मोटारही चांगली. पण पूर्ण ओढीवर ती दहा मिनिटांच्या आसपास चालते, आणि एवढ्या घराला पंचवीस लागतात. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही, आणि आपला मे त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा. डबा अर्ध्या लिटरचा, तो रोज झटकावा लागणार, आणि झटकताना वस्त्रगाळ माती पुन्हा हवेत. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, दम्याचं माणूस नसेल, तर मी तीच घ्यायला सांगेन.

शेवटची परीक्षा अंधारात. खोली बंद, दिवे बंद, मशीनमधून हवा बाहेर पडते तिथे टॉर्चचा झोत आडवा. तोंडाने चमचाभर गाळलेली काळी माती ओढायची. कापडी पिशवीवालीच्या मागे झोतात धुराची रेघ उठली. ताईने ती पाहिली आणि काहीच बोलली नाही. बिनपिशवीवालीवर हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा कागदी घड्यांचा फिल्टर, असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. हेपाचा एच १३ वर्ग अडवायला सगळ्यांत अवघड आकाराचे ९९.९५ टक्के कण अडवतो, पण तो कागद तेवढा अडवतो. कागदाभोवतीचं रबर सैल असेल तर धूळ बाजूने वाट काढते. तिच्याही झोतात थोडी धूळ दिसली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९०७ च्या सुमारास अमेरिकेत ओहायोच्या कँटन गावात जेम्स मरे स्पँग्लर नावाचा माणूस एका दुकानात झाडलोट करत असे. त्याला दमा होता. गालिचे झाडताना उडणारी धूळ सहन होईना म्हणून त्याने पंख्याची मोटार, दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून मशीन केली. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि ते पुढे हूव्हर कुटुंबाने घेतलं. म्हणजे हातात धरून चालवायची विजेची ही मशीन झाडणाऱ्याच्याच छातीतून निघाली. आपल्या घरात ती विकत घेताना मात्र झाडणाऱ्याला कुणी विचारत नाही.

मावशींनी काय पाहिलं

चारही नाकारल्यावर मी पाचवा प्रकार पुढे ठेवला. ड्रमची, ओलं-कोरडं दोन्ही ओढणारी मशीन. हजार वॅट, सतरा लिटरचा ड्रम, आत फ्लीसची, म्हणजे न विणलेल्या दाट धाग्यांची, पिशवी जी भरली की तोंड बंद करून तशीच फेकायची, आणि तिच्या मागे घडीचा फिल्टर. अशा मशिनींत मोटारीला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते, केराची हवा मोटारीतून जात नाही. माझ्या टेबलावर जी मशीन पाण्याने मेलेली येते, ती ही नसते. मोटार ड्रमच्या डोक्यावर बसते, सुटी मिळते, हजार-दीड हजारात बदलता येते. टॉर्चच्या परीक्षेत झोत स्वच्छ राहिला. किंमत सहा हजार नऊशे.

मी खूश होतो. ताईने मात्र मावशींना हाक मारली, आणि ते मला आधी सुचायला हवं होतं.

मावशींनी पाइप हातात धरला, दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. "दादा, ही पाठ मोडती. वाकून वाकूनच झाडायचं तर केरसुणीनं झाडीन की." स्टीलचा पाइप दोन तुकड्यांचा, आणि मावशी उंच. तिसरा तुकडा वेगळा मिळतो का हे दुकानदाराला विचारलं, तेव्हा तो तीनशे रुपयांत मिळाला. मग त्यांनी ड्रम ओढला. शहाबादीच्या फटीत पुढची चाकं अडकत होती. दुसऱ्या दुकानात मोठ्या चाकांची तसलीच मशीन होती, ती अडली नाही. तिसरी गोष्ट त्यांनी शेवटी विचारली, जरा दबकत. "हिच्यात करंट तर येत न्हाई ना? वल्या फरशीवर उभी राहीन मी."

हा प्रश्न साऱ्या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाचा होता, आणि तो आम्हा शिकलेल्यांपैकी कुणीही विचारला नव्हता. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन ही खूण असेल तर तिचं इन्सुलेशन दुहेरी असतं, अर्थिंगवर तिची मदार नसते. ती खूण होती. तरी ओलं ओढायचं असेल तर घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, हवाच. ताईच्या बोर्डात नव्हता. मी तो बसवला आणि अर्थिंगचा खड्डाही पाहिला. त्यात वर्षानुवर्षं पाणी घातलेलं नव्हतं. या कामाचे अडीच हजार मशीनच्या हिशोबात धरावेत की नाही यावर दाजींचं आणि माझं एकमत झालं नाही. माझ्या मते ते घराच्या हिशोबात जातात, कारण गीझरसाठीही ते लागणारच होते.

काकूंशीही बोलणं झालं. केरसुणी कुठे जात नाही. अंगण खराट्यानेच, देवघर आणि स्वयंपाकघर केरसुणीनेच, लक्ष्मीपूजनाला तिची पूजा तशीच. मशीन गाद्यांना, फटींना, दिवाणाखाली, पंख्यांना आणि पोती ठेवलेल्या खोलीला. आणि मावशींचा पगार मशीन आली म्हणून कमी होणार नाही, हे ताईने त्यांच्यासमोर सांगितलं.

पाच वर्षांचा हिशोब

पिशवी एकशे ऐंशीला एक. या घरात अडीच महिने टिकेल असं धरलं, म्हणजे वर्षाला पाच, पाच वर्षांत साडेचार हजार. घडीचा फिल्टर दोनदा बदलला तर तेराशे. एकदा मोटार, दीड हजार. पाइपचा तुकडा तीनशे. मशीन धरून साडेचौदा हजार, म्हणजे वर्षाला दोन हजार नऊशे. वीज वेगळी. आठवड्यातून चार दिवस पंचवीस मिनिटं चालवली तर वर्षाला ८५ ते ९० युनिट.

बॅटरीवाली तेरा हजारांची, पण पाच वर्षांत किमान एक आणि आपल्या उन्हात बहुधा दोन बॅटऱ्या, बावीस हजारांपर्यंत. आणि साडेचार हजारांची कापडी पिशवीवाली? तिचा पाच वर्षांचा खर्च सात हजारांच्या आतच राहिला असता. पैशांच्या वहीत तीच जिंकली. घरात दम्याचं मूल नसतं तर मी ताईला तीच घ्यायला लावलं असतं, किंवा मशीन न घेता मायक्रोफायबरचा ओला पोछा आणि गाद्यांना ऊन एवढ्यावर भागव म्हटलं असतं. जास्तीचे साडेसात हजार त्या टॉर्चच्या झोतासाठी आहेत, आणि ते मला पटतात.

पिशव्या कुठे मिळतात हे घेण्याआधी पाहिलं. परभणीत एका दुकानात, नाहीतर नांदेडला. नळीसुद्धा सुटी मिळते याची खात्री करून मगच पैसे दिले.

ऑक्टोबर ते मे

मशीन दसऱ्याच्या आधी आली. सोयाबीनच्या मळण्या चालू होत्या, गल्लीतून रोज ट्रॅक्टर. पहिली पिशवी अडीच महिन्यांऐवजी पाच आठवड्यांत भरली. माझा अंदाज सप्टेंबरच्या पुड्यांवर केलेला, आणि सप्टेंबर म्हणजे ओली माती, धूळ सगळ्यांत कमी. ही चूक माझी. पुड्या दोन ऋतूंत बांधायला हव्या होत्या.

दुसरी चूक दिवाळीत. ताईने ओट्यावरची रांगोळी ओढली, तीही पिशवी न लावता. दगडाची ती भुकटी फिल्टरच्या घड्यांत सिमेंटसारखी बसली आणि ओढ निम्मी झाली. फिल्टर धुवून, सावलीत दोन दिवस पूर्ण वाळवून पुन्हा बसवला. ओला बसवला असता तर मातीचा चिखल होऊन कायमचा गेला असता. तेव्हापासून रांगोळी, पीठ आणि चुलीची राख केरसुणीकडे.

आवाजाची तक्रार खरी आहे. ड्रमची मशीन मोठ्याने बोलते, बंद खोलीत शेजारी उभं राहून बोलता येत नाही. मावशी कानात कापूस घालतात. काकूंची दुपारची झोप सोडून आणि मुलं शाळेत गेल्यावर, सकाळी दहा ते साडेदहा, अशी वेळ बसली. मूल घरात नसताना धूळ हलते, हा त्यातला फायदा.

पाण्याचा फायदा मी आधी धरलाच नव्हता. उन्हाळ्यात त्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते आपण विसरलेलो नाही, मराठवाड्यात बादलीचा हिशोब प्रत्येक घर ठेवतं. पूर्वी काळी माती पुसायला रोज दोन बादल्या लागायच्या, पहिलं पाणी लगेच गढूळ व्हायचं. आधी ओढून मग पुसलं तर एक पुरते. मार्चपासून ताईने हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

आणि भाचा. ताई रात्रीच्या खोकल्याची नोंद वहीत ठेवते. ऑक्टोबरात महिन्यात अकरा रात्री, जानेवारीत सात, एप्रिलमध्ये तीन. हे आकडे पाहून मशीनचं कौतुक करायचा मोह होतो, पण त्याच काळात चादरी गरम पाण्यात धुणं सुरू झालं, सकाळचा झाडू तो शाळेत गेल्यावर मारला जाऊ लागला, आणि हवा कोरडी होत गेली. यांतलं कोणतं किती, हे वेगळं काढता येत नाही. पुढचा ऑक्टोबर आला की मळणीच्या दिवसांत पुन्हा मोजू. इनहेलर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच आहे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा चौथी पिशवी नुकतीच काढली होती. ताईला म्हटलं, फेकू नको. अंगणात, वाऱ्याच्या उलट बाजूला, तोंडाला रुमाल बांधून ती कात्रीने उघडली आणि तोलली. साडेआठशे ग्रॅम. वर कापूस आणि केस, खाली काळ्या मातीची ढेप. तिचा तुकडा मलमलीवर ठेवून बोटाने चोळला आणि कापड हलवलं. जवळपास सगळी खाली गेली. मावशी शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढी माझ्या छातीत जात होती व्हय?" मी मान हलवली. ताईने नवी पिशवी काढली, तिच्यावर मार्करने तारीख घातली आणि ड्रममध्ये बसवायला मावशींच्या हातात दिली.